अंगकोरचं काम भारताला का मिळालं?

म्युझिऑलॉजी, म्हणजे संग्रहालयशास्त्र, केलं की सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये नोकरी, असं आमच्या दांडिया बाजारात अजूनही मानतात. मी बडोद्याच्या विद्यापीठात हा विषय घेतला तेव्हा आत्या खूश झाली, "चला, दुपारी जेवायला घरी येशील." मला मात्र परदेशातल्या मंदिरांच्या जतनाकडे वळायचं होतं. पहिल्याच मुलाखतीत आपटलो.

प्रश्न साधा होता. 1986मध्ये कंबोडियातल्या अंगकोर वाट या प्राचीन देवळाच्या दुरुस्तीचं काम भारताला का मिळालं? मी हिंदू देऊळ, सामायिक संस्कृती, समुद्री व्यापार असं बरंच बोललो. समोरच्या बाईंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि 1980 साली काय झालं?" माझी दातखीळ बसली.

त्या वर्षी भारताने कंबोडियातल्या हेंग सामरिन सरकारला मान्यता दिली होती. व्हिएतनामच्या सैन्याच्या जोरावर आलेलं ते सरकार पाश्चात्त्य देश मानत नव्हते. संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची खुर्ची आधीच्या ख्मेर रूज राजवटीच्याच बाजूकडे होती. मग देवळाला हात लावायला येणार कोण? भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची माणसं 1993पर्यंत तिथे राबली. दगड रसायनांनी धुतल्याबद्दल त्यांच्यावर भरपूर टीका झाली. आक्षेप तांत्रिक होतेच, पण त्यांना राजकारणाचाही वास येतो, असं माझं मत. कंबोडियाचा 1991चा शांतता करार झाल्यावर बाकीचे देश तिथे परतले आणि 1993मध्ये अंगकोरसाठी नेमलेल्या समन्वय समितीचं सहअध्यक्षपद गेलं फ्रान्स आणि जपानकडे!

कंबोडिया-थायलंड सीमेवरच्या प्रीह विहिअर देवळाचं प्रकरणही वाचून ठेवा. 1962मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हे देऊळ कंबोडियाला दिलं, 2008मध्ये ते जागतिक वारसा ठरलं, आणि पाठोपाठ थायलंडशी गोळीबार. त्याच्या समितीचे सहअध्यक्ष आहेत भारत आणि चीन. सीमेवर डोळे वटारणारे दोघं इथे एका टेबलाशी बसतात.

तयारी म्हणाल तर फ्रेंच शिका. अंगकोरची जुनी कागदपत्रं त्याच भाषेत आहेत. मी टाळाटाळ केली, अजून भोगतोय. अशा कामाचा दोन देशांमधला सामंजस्य करार हाती आला की आधी साहित्य कोण आणणार, तज्ज्ञ कुणाचे आणि पैसे थांबल्यावर देखभाल कुणाची, ही कलमं शोधा. सरावाला चांपानेर-पावागढ जवळच आहे, 2004पासून जागतिक वारसा. खाली जामी मशीद, वर कालिकामातेची गर्दी. दोन दिवस नुसते बसा आणि तिथे कुणाला काय हवंय ते टिपा. चुन्याचं काम मात्र गवंड्याच्या हाताखालीच शिकावं लागतं.

आणि हो, कामं बहुतेक कंत्राटी. मधल्या महिन्यांत मी आत्याकडेच जेवतो.