गावची गढी, वाडा, बारव डिजिटल संग्रहात कशी नोंदवावी?

मार्कंड्याची देवळं, लोणारचं दैत्यसूदन मंदिर, सिंदखेडराजाचा राजवाडा यांचे फोटो आणि माहिती शोधली की सापडते. तुमच्या गावच्या गढीचं तसं नाही. तिची पांढरी माती कुणी घर लिंपायला नेतो, कुणी शेतात टाकतो. पडक्या वाड्याचं सागवान विकलं जातं. म्हणून सुरुवात नावाजलेल्या देवळापासून नको. जिची नोंद कुठंच नाही, ती वास्तू आधी घ्या. कॅमेऱ्याचा फोन, मोजपट्टी आणि वही एवढं सामान पुरतं.

आधी गावाला सांगा

आपल्याकडे पडक्या वास्तूत कुणी मोजमाप करताना दिसलं की गुप्तधनाचा संशय येतो. सरपंच आणि पोलीस पाटील यांना भेटून काय करणार ते सांगा, गावातला एखादा माणूस सोबत घ्या. वाडा खासगी असेल तर मालकाची लेखी संमती हवी. फोटो इंटरनेटवर सगळ्यांना दिसणार आहेत, हे त्यांना स्पष्ट सांगा. माजघर, देवघर नको म्हणाले तर घेऊ नका. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकात कॅमेऱ्याची तिवई (ट्रायपॉड) किंवा ड्रोन वापरायचा असेल तर परवानगी आधी काढा.

फोटो कसे घ्यावेत

पावसाळ्यात गवत आणि वेली सगळं झाकून टाकतात. दिवाळीनंतर गवत वाळत जातं, तिथून होळीपर्यंतचा काळ चांगला. ऊन कलतं असताना जा. फोनमधलं लोकेशन सुरू ठेवा.

आधी लांबून चारही बाजू, मग दार, खांब, छत, कोनाडे असं आत आत जा. प्रत्येक जवळच्या फोटोत फूटपट्टी ठेवा, नाहीतर कोरीव फूल वीतभर आहे की हातभर, ते कळत नाही. हेमाडपंती देवळात चिरे चुन्याशिवाय एकमेकांत बसवलेले असतात. तिथं सांध्यांचे फोटो हवेतच. मूर्तीवर शेंदूर किंवा ऑइलपेंट असेल तर तो आहे तसा टिपा, खरवडू नका.

शिलालेख मात्र भरदुपारी वाचता येत नाही. अंधार पडायला लागला की टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून एका बाजूनं तिरपा धरा. अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि ओळ उठून दिसते. मग दुसऱ्या बाजूनं, मग वरून. अक्षरं ठळक व्हावीत म्हणून खडू, पीठ किंवा तेल अजिबात लावायचं नाही, त्यानं दगड खराब होतो.

मोजा आणि विचारा

अमेरिकेत १९३३ साली ऐतिहासिक इमारतींचं सर्वेक्षण सुरू झालं. त्यात वास्तूचे मोजून काढलेले आराखडे, छायाचित्रं आणि लिखित इतिहास असं तिन्ही एकत्र ठेवतात, आणि आज ते लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर कुणालाही फुकट पाहता येतं. आपणही या तिन्ही गोष्टी धराव्यात. नुसत्या फोटोंचा ढीग दहा वर्षांनी कुणाला उलगडत नाही.

वहीत कच्चा नकाशा काढा, उत्तर दिशा दाखवा, लांबी-रुंदी लिहा. बारवेच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीच्या, पायऱ्या मोजा, पाणी किती पायऱ्यांपर्यंत आहे तेही तारखेसकट टिपा.

मग गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला तिथं घेऊन या. घरी बसून विचारलं तर थोडंच आठवतं. जागेवर आणलं की हात आपोआप दाखवायला लागतो. “आबाजी, हे खोली कायची होती?” असं साधं विचारा. धान्य कुठं साठवायचे, बंगई (झोपाळा) कुठं टांगलेली होती, कवेलू (छपराची कौलं) कुठून यायचे, सगळं संमती घेऊन रेकॉर्ड करा. शब्द त्यांचेच ठेवा, पुस्तकी करू नका. माझ्या मते पूर्ण नोंदीत सगळ्यात मोलाचं हेच आहे, कारण भिंत पडली तरी दगड उरतात, ही माहिती उरत नाही. ऐकीव गोष्टीपुढं मात्र ‘ऐकीव’ असंच लिहा. देऊळ एका रात्रीत बांधलं, ही कथा इतिहासाच्या रकान्यात जाऊ नये.

साठवण आणि अपलोड

फोटो व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीनं पाठवले की आकार घटतो आणि लोकेशनची माहितीही निघून जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा केबलनं उतरवा. फाईलच्या नावात जिल्हा, गाव, वास्तू, तारीख आणि क्रमांक असावा. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावी.

विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या खुल्या फोटोसंग्रहावर खातं फुकट उघडता येतं. तिथं स्वतः काढलेले फोटो क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे इतरांना वापरायची मुभा देऊन, टाकता येतात. तिथं चालणाऱ्या परवान्यांत इतरांना व्यावसायिक वापराचीही मुभा असते, ते मालकाला आधीच सांगितलेलं बरं. वर्णन मराठीत लिहा; गावाबरोबर तालुका, जिल्हा द्या, कारण एकाच नावाची गावं विदर्भात बरीच आहेत. ध्वनिमुद्रणं आणि नकाशे इंटरनेट आर्काइव्ह या फुकट डिजिटल ग्रंथालयात ठेवता येतात.

उघड्यावर पडलेल्या सुट्या मूर्तींचं अचूक ठिकाण मात्र जाहीर करू नका, फोटोतलं लोकेशनही काढून टाका. मूर्तीचोरांना पत्ता मिळायला नको. ती माहिती पुरातत्त्व खात्याला आणि तहसील कार्यालयाला कळवा.

शेवटी नोंदीची छापील प्रत ग्रामपंचायतीला आणि शाळेला द्या. ती पाहून कुणाला नवी गोष्ट आठवली, तर सांगणाऱ्याच्या परवानगीनं तीही संग्रहात भरा.