दुसरे कुलूप कोठे घालावे आणि कोठे सैल सोडावे

पासवर्डनंतर ओटीपी किंवा कोड मागणारी दुहेरी पडताळणी म्हणजे खात्याचे दुसरे कुलूप. सोलापुरातील चादरी-टॉवेलांच्या पुष्कळ पेढ्यांवर बँक, जीएसटी आणि ई-मेल या सर्वांचे ओटीपी मालकाच्या एकाच मोबाइलवर येतात, आणि मालक परगावी असला की मुनीम फोन करून ‘शेठ, ओटीपी सांगा’ म्हणतो. ओटीपी तोंडी सांगण्याची ही सवय प्रथम मोडावी, कारण भामटाही नेमके हेच वाक्य बोलतो. बँकेने सोय दिली असेल तर मुनिमाला त्याचे स्वतंत्र लॉगिन काढून द्यावे.

सर्व खात्यांना सारखाच बंदोबस्त लागत नाही. सर्वांत भक्कम कुलूप ई-मेलला घालावे, कारण इतर बहुतेक खात्यांचा विसरलेला पासवर्ड तेथूनच नव्याने मिळतो. त्यासाठी एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अॅप वापरावे. खाते अॅपला जोडण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करताना एक गुप्त किल्ली फोनमध्ये साठते, आणि ती किल्ली व घड्याळातील वेळ यांवरून साधारणपणे दर 30 सेकंदांनी नवा सहा अंकी कोड तयार होतो. त्यामुळे अक्कलकोट रस्त्यावरील एखाद्या कारखान्यात रेंज नसली तरी फोनवर कोड दिसतोच. कोड वारंवार नाकारला गेल्यास फोनची वेळ ‘स्वयंचलित’ ठेवली आहे का, ते पाहावे. एसएमएसचा दोष असा की कोणी आपल्या नावाचे डुप्लिकेट सिम मिळवले, तर ओटीपीही त्यालाच मिळतात. तरीही जेथे दुसरा पर्यायच नाही तेथे एसएमएस चालू ठेवावा. काहीच नसण्यापेक्षा तो बरा. बनावट संकेतस्थळावर मात्र दोन्ही प्रकारचे कोड आपणच टाइप करून देऊ शकतो. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने (बोटाचा ठसा, पिन) वापरायची डिजिटल किल्ली, खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असल्यामुळे तेथे चालत नाही, म्हणून जेथे मिळेल तेथे ती घ्यावी.

रोज कोड टाकण्याचा कंटाळा येणे स्वाभाविक आहे, आणि कंटाळलेला माणूस शेवटी पडताळणीच बंद करून टाकतो. म्हणून केवळ आपणच वापरतो त्या संगणकावर ‘या उपकरणावर पुन्हा विचारू नका’ हा पर्याय निःसंकोच निवडावा. गल्ल्यावरील सामायिक संगणकावर कधीही निवडू नये.

जानेवारीतील गड्डा यात्रेच्या गर्दीत फोन हरवला तर काय, याची तजवीज आधीच हवी. गूगल आठ अंकी दहा बॅकअप कोड देते आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते कागदावर छापून तिजोरीत ठेवावेत, त्याच फोनमध्ये त्यांचा फोटो काढून ठेवण्यात काही अर्थ नाही. सिमलाही पिन लावावा, नाहीतर हरवलेले सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून कोणीही ओटीपी वाचू शकतो. पिन लावताना सिमचा मूळ पिन आधी माहीत करून घ्यावा, कारण तीनदा चुकल्यास सिम अडकते आणि ते उघडण्यासाठी पीयूके क्रमांक मागते.

नवा फोन घेतल्यावर ऑथेंटिकेटरमधील खाती त्यावर हलवून प्रत्येक खात्यात एकदा लॉगिन करून पाहावे, आणि मगच जुना फोन पुसून विकावा.