बटणाच्या फोनवर पुण्यात राहायचं असेल तर

लोक चक्रम म्हणणार, हे धरूनच चला. आमच्या सोसायटीत मला म्हणतातच. "वहिनी, एवढं कमावता, एक चांगला फोन घ्या की!" यावर पैशाचं, डोळ्यांचं कारण देऊ नका. कारण दिलं की समोरचा लगेच उपाय सुचवतो. 'मला नको' म्हणायचं आणि विषय टँकरवर न्यायचा.

फोन फोरजीवर चालणारा घ्या. जुन्या टूजी फोनवर प्रत्येक कंपनीचं सिम चालत नाही. तोच नंबर बँकेला आणि आधारला जोडा. ओटीपी साध्या एसएमएसनं येतो, त्यामुळे फारसं काही अडत नाही.

पर्समध्ये दहा-वीसच्या नोटा कायम हव्यात. नसतील तेव्हा बँकेला जोडलेल्या नंबरवरून *९९# लावायचं, म्हणजे पडद्यावर मेनू येतो आणि साध्या फोनवरूनही खात्यातले पैसे पाठवता येतात. डेबिट कार्डाचे शेवटचे 6 आकडे आणि मुदत टाकून पिन एकदाच ठरवायचा. इंटरनेट लागत नाही, एका वेळी 5,000 रुपयांपर्यंत जातात. मात्र आकडे टाकायला उशीर झाला की मेनू मधेच तुटतो, म्हणून समोरच्याचा नंबर आधी कागदावर लिहून घ्या. तुटलाच, तर पुन्हा पाठवण्याआधी बँकेचा एसएमएस बघा. मागची रांग कुरकुरते. कुरकुरू द्या.

रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी, सकाळी 8 ला उघडतं. फॉर्म घरूनच भरून खिडकीवर जा. वेटिंग असेल तर पीएनआर 139 वर एसएमएस करा, स्थिती कळते.

हॉटेलात क्यूआर दाखवला तर छापील मेनू मागा. नसला तर वेटरला विचारा आज काय चांगलं झालंय. मेनूपेक्षा ते कधीही खरं.

खरा त्रास व्हॉट्सअॅपचा. पाणी कधी जाणार, शाळेला सुट्टी आहे का, कुणाचं बारसं कुठे, सगळं तिथंच. यासाठी माणसं धरायची. आमच्या मजल्यावरच्या काकू सोसायटीचे निरोप दार वाजवून सांगतात. त्यांच्या बँकेच्या फेऱ्या मी मारते, नाहीतरी मला तिथे जावंच लागतं. शाळेसाठी मुलीच्या मैत्रिणीची आई, नात्यागोत्यासाठी धाकटी जाऊ. सगळं एकाच्याच गळ्यात घालू नका, नाहीतर दिवाळीला तोच तुम्हाला स्वतःचा जुना स्मार्टफोन आणून देतो.

आणि लग्नाला बोलावताना कुणी "लोकेशन टाकते" म्हणालं, तर कार्यालयाजवळचा बसस्टॉप विचारा. तो बहुधा त्यांनाही ठाऊक नसतो. मग सरळ कार्यालयातच फोन लावायचा.