'एकच प्याला' घेऊन वर्कशॉप कसं घ्यायचं: सिंधू मुलाने, सुधाकर मुलीने

जुनं नाटक आणि स्त्री-पुरुष हा विषय, यावर वर्कशॉप घ्यायचं असेल तर माझ्या मते राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' घ्या: दारूपायी बुडणारा सुधाकर आणि सगळं सोसणारी त्याची बायको सिंधू. गडकरी १९१९ मध्येच गेले, त्यामुळे कॉपीराइटची भानगड नाही, हवं तसं कापा.

१२-१४ जण, तीन तास, रिकामा हॉल, बास. पाच अंक नकोत. सिंधू जात्यावर दळते तो प्रवेश आणि सुधाकरचा दारूबाज दोस्त तळीराम, त्याच्या बायकोचा, गीतेचा एखादा फटकळ तुकडा एवढं पुरे. सुरुवातीलाच सांगून टाका की कुणाला मधेच बाहेर जावंसं वाटलं तर जा, कारण विचारणार नाही. घरात दारू बघितलेलं कुणीतरी असतंच.

आधी नुसतं वाचन. जिथे हसू येईल तिथे पेन्सिलने खूण करायची. सिंधूच्या सोशिकपणावर लोक हसतात, हसू द्या.

मग अदलाबदल. सिंधू करणाऱ्या मुलाने आवाज बारीक करायचा नाही आणि कंबर हलवायची नाही, नाहीतर पाच मिनिटांत गॅदरिंगची कॉमेडी होते. आणि त्याला हेही सांगा की तो काही मॉडर्न वगैरे करत नाहीये, गंधर्व नाटक मंडळीच्या प्रयोगात सिंधू बालगंधर्वच करायचे, म्हणजे लिहिणारा पुरुष, करणारा पुरुष आणि आदर्श बायको तयार! खरं नवीन आहे ते मुलीने सुधाकर करणं, म्हणून जास्त वेळ तिला द्या. ती आधी झोकांड्या खाईल, आरडाओरडा करेल. ते बंद करा. सुधाकर हुशार वकील आहे, वकिलीची सनद गेल्याचा अपमान त्याला खातोय. तिला खुर्चीत ऐसपैस बसवा आणि अख्ख्या सीनमध्ये उठू नकोस म्हणा, प्रत्येक वेळी सिंधूनेच उठून यायचं. दादागिरी आपोआप दिसते, ओरडावं लागत नाही.

नंतर सिंधूला मधे बसवून बाकीच्यांनी गीता होऊन प्रश्न विचारायचे. "सोडून का नाही गेलीस?" हा पहिलाच येतो. त्यावर कुणीतरी "जाऊ कुठे?" म्हणतं आणि हॉल गप्प होतो, ती शांतता भरायला तुम्ही बोलू नका.

आता तिघातिघांचे गट, दहा मिनिटं: संवाद तेच ठेवायचे, फक्त जात्याऐवजी आज काय? मोबाईल चालणार नाही (सगळे तोच आणतात). पोळ्यांची ऑर्डर लाटणारी सिंधू मला फार आवडते, लाटणं थांबलं की ऑर्डर चुकते, म्हणून नवरा समोर उभा असतानाही हात चालूच. नाटकातलं पद म्हणणारं कुणी असेल तर लाटता लाटताच म्हणू द्या, श्वास तुटला तरी चालेल.

शेवटी पहिलाच उतारा पुन्हा वाचा आणि हसण्याच्या खुणा ताडून बघा.