जुन्या पिकअपची थरथर नेमकी कुठून येते, ते कसे शोधावे

रावेर, सावदा, फैजपूर या पट्ट्यात केळी वाहणारी किंवा शिंदखेडा-दोंडाईचा भागात कापूस भरून फिरणारी जुनी पिकअप ठरावीक वेगाला थरथरू लागली, की संशय थेट क्लचप्लेटवर किंवा प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत फिरणाऱ्या लांब दांड्यावर) जातो आणि पुरेशी तपासणी होण्याआधीच गाडी खोलली जाते. वास्तविक ही थरथर चाकांच्या वेगाशी बांधलेली आहे, इंजिनाच्या फेऱ्यांशी की ॲक्सिलरेटरच्या दाबाशी, एवढे आधी ठरवले तर निम्मे काम पाना हातात न घेता होते. या लेखात इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना, अशी नेहमीची पिकअप गृहीत धरली आहे.

प्रथम गाडी धुवावी, आणि तीही खालून. पावसाळ्यात काळ्या रानातून निघालेल्या गाडीच्या रिमच्या आतल्या बाजूला चिखल एकाच जागी वाळून घट्ट बसतो, आणि महामार्गावर वेग घेताच तेवढ्या वजनाने चाक हादरते. शाफ्टला सुतळी किंवा गोणपाटाचे तुकडे गुंडाळले गेले आहेत का, तेही याच वेळी पाहावे. त्यानंतर चाकांचे नट घट्ट आहेत का ते तपासावे, हवा योग्य दाबाने भरावी आणि टायरवरून हात फिरवून फुगा आलेला आहे का ते बघावे. रिमोल्ड केलेल्या (जुन्यावर नवा रबरी पट्टा चढवलेल्या) टायरचा पट्टा एका बाजूने सुटू लागला असेल, तर तो बदलेपर्यंत पुढची कोणतीही चाचणी विश्वासार्ह ठरत नाही.

आता रस्त्यावरची चाचणी घ्यावी. त्यासाठी सपाट, सरळ आणि मोकळा रस्ता निवडावा. कन्नड घाटाचा उतार किंवा जळगाव-धुळे महामार्गावरील दुपारची गर्दी हे प्रयोगाचे ठिकाण नव्हे. एकाने गाडी चालवावी आणि दुसऱ्याने शेजारी बसून वेग, गिअर आणि गाडीतील माल लिहून घ्यावा. समजा थरथर ताशी 60 किलोमीटरला येते, तर तोच वेग आधी वरच्या गिअरमध्ये आणि मग एक गिअर खाली उतरवून धरावा. इंजिनाच्या फेऱ्या वाढूनही थरथर त्याच वेगाला राहिली, तर दोष गिअरबॉक्सच्या मागे, म्हणजे शाफ्ट, मागचा ॲक्सल किंवा चाके यांत आहे. उलट, गिअर बदलताच थरथरीचा वेगही बदलला, तर गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये इंजिन तितक्याच फेऱ्यांवर न्यावे. तेथेही ती आली, तर इंजिनाची फाउंडेशन रबरे (इंजिन ज्यांवर टेकते ती), क्लच आणि इंजिन स्वतः तपासायचे आहे. अशा वेळी क्लच दाबल्यावर आणि सोडल्यावर थरथरीत फरक पडत असेल, तर क्लचप्लेटकडे किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टकडे (क्लचकडून आत जाणाऱ्या दांड्याकडे) बोट दाखवता येते.

थरथरीचा ताल ओळखणे हे या कामातील सर्वांत उपयोगी कौशल्य आहे, आणि त्यामागे साधे गणित आहे. पिकअपच्या टायरचा परीघ सुमारे 2.2 मीटर धरला, तर ताशी 60 किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण साडेसात फेऱ्या मारते. मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर (चाकाच्या एका फेरीमागे शाफ्टच्या फेऱ्या) 4 च्या आसपास असेल, तर शाफ्ट त्याच वेळी सुमारे 30 फेऱ्या घेतो. म्हणून चाकाचा दोष मोजता येईल अशा हेलकाव्यासारखा जाणवतो, तर शाफ्टचा दोष फरशीतून आणि सीटमधून घरघरीसारखा येतो. क्रॉस जॉइंट (शाफ्टच्या टोकाचा अधिकच्या चिन्हासारखा सांधा) चुकीच्या कोनात फिरत असेल, तर तो प्रत्येक फेरीत दोन हादरे देतो आणि घरघर आणखी बारीक होते. हेलकावा स्टिअरिंगमध्ये असेल तर पुढची चाके, पाठीमागे असेल तर मागची चाके आधी बॅलन्स करून घ्यावीत. पुढची-मागची चाके आपसात बदलून पाहिल्यास दोषही जागा बदलतो का, ते पैसे न खर्चता कळते.

शाफ्टवर संशय आल्यास गाडी सपाट कडक जमिनीवर उभी करावी, चाकांना ओट (अडसर) लावावी, किल्ली काढून खिशात ठेवावी आणि गाडी उचललीच, तर ती केवळ जॅकवर न ठेवता मजबूत घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवावी. इंजिन चालू ठेवून मागची चाके हवेत फिरवत खाली डोकावण्याची पद्धत मात्र कोणीही, कितीही अनुभव असला तरी, वापरू नये: फिरता शाफ्ट कपडा पकडतो, शिवाय लोंबकळलेल्या ॲक्सलमुळे शाफ्टचा कोनही खरा राहत नाही.

प्रत्येक क्रॉसच्या दोन्ही बाजू दोन हातांनी धरून उलटसुलट पिळाव्यात आणि वरखाली हलवाव्यात. हाताला प्ले (ढिलेपणा) जाणवला, तर क्रॉस गेला. टोपीभोवती गंजासारखी तांबूस पूड दिसली, तर आतल्या सुया (बेअरिंगचे बारीक रोलर) ग्रीसअभावी कोरड्या पडल्या आहेत. शाफ्टच्या नळीवर खड्डा किंवा बॅलन्सची वेल्ड केलेली पट्टी निघून गेल्याची खूण, स्लाइडिंग जॉइंटचा (लांबी कमी-जास्त होऊ देणाऱ्या दातेरी सांध्याचा) सैलपणा, फ्लँजचे (जोडणीच्या चकतीचे) ढिले बोल्ट आणि पिनियनजवळ (शाफ्ट ॲक्सलला जोडतो तेथे) तेलाची गळती हेही बघावे. शाफ्ट दोन तुकड्यांचा असल्यास सेंटर बेअरिंगचे (शाफ्टच्या मधल्या आधाराचे) रबर बोटाने दाबावे. भुसावळ-जळगावच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यांत रबर कडक होऊन तडकलेले सापडणे नवलाचे नाही.

भरलेली गाडी जागेवरून पुढे काढताना येणारा हादरा वेगळा ओळखावा. पाय क्लचवरून पूर्ण निघताच तो थांबला, तर क्लचचा. पुढेही ताशी 20-30 किलोमीटरपर्यंत टिकला, तर सेंटर बेअरिंगचा किंवा कोनाचा. जास्त माल बसावा म्हणून कमानीत (पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये) एखादा पाटा वाढवला असेल, तर गाडीची मागची बाजू उंच होते आणि रिकामी गाडी जास्त, भरलेली कमी थरथरते. माझ्या मते जुन्या पिकअपमध्ये सर्वांत दुर्लक्षित राहणारे कारण हेच आहे. गाडी चाकांवर उभी असताना मोबाइलमधील लेव्हल ॲपने गिअरबॉक्सच्या आणि पिनियनच्या फ्लँजचा कल मोजावा. एकाच तुकड्याच्या शाफ्टमध्ये दोन्ही फ्लँज जवळपास समांतर हवेत आणि क्रॉसचा कोन शक्यतो 3 अंशांच्या आत असावा. कमानीचा तुटलेला सेंटर बोल्ट किंवा तिला ॲक्सलशी बांधणारे ढिले यू-बोल्टही ॲक्सल सरकवतात.

शाफ्ट काढण्यापूर्वी फ्लँज, शाफ्ट आणि स्लाइडिंग जॉइंट यांवर रंगाच्या रेषा मारून ठेवाव्यात, कारण एक दात चुकला तरी दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेत राहत नाहीत आणि नवा क्रॉस बसवूनही थरथर वाढते. क्रॉस बदलल्यावर निपलमधून ताजे ग्रीस चारही टोप्यांतून डोकावेपर्यंत भरावे आणि त्याच रस्त्यावर, तेवढाच माल घालून पुन्हा चाचणी घ्यावी. मागच्या ॲक्सलचे तेल काढल्यावर त्यात धातूचे कण दिसले, तर तेथून पुढचे काम घरचे नसून डिफरन्शियलच्या (मागच्या ॲक्सलमधील दातेरी यंत्रणेच्या) जाणकार मिस्त्रीचे आहे.