डिझेल शेडमध्ये येणाऱ्या नव्या मुलांसाठी : डब्ल्यूडीजी-३ए वर शिकलेलं

आयटीआय करून अप्रेंटिस म्हणून शेडमध्ये, म्हणजे रेल्वे इंजिनांची देखभाल होते तिथे, येणारी मुलं पहिल्या आठवड्यात हमखास विचारतात, "सगळीकडे विजेच्या तारा आल्या, आता डिझेलचं काम शिकून काय करायचं?" प्रश्न रास्त आहे, त्याकडे येतोच. आधी ज्या इंजिनावर मी काम शिकलो, त्याची ओळख करून देतो.

डब्ल्यूडीजी-३ए. नाव फोडून वाचायची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी म्हणजे डिझेल, जी म्हणजे गुड्स, ३ म्हणजे तीन हजार अश्वशक्ती आणि ए म्हणजे त्यावर आणखी शंभर. एकूण ३,१०० अश्वशक्ती. पहिलं इंजिन वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समधून १९९५ मध्ये बाहेर पडलं, त्याचं नाव ठेवलं होतं 'शक्ती'. पोटात आल्को या अमेरिकन कंपनीच्या रचनेचं १६ सिलिंडरचं २५१ डिझेल इंजिन. डब्ल्यूडीएम-२ या जुन्या डिझेल गाडीतून १९६२ पासून आपल्या रुळांवर धावणाऱ्या इंजिनाचंच हे घराणं. त्यामुळे जुन्या मिस्त्रींना हे यंत्र आल्या दिवसापासून घरचं वाटलं.

मालगाडीसाठी म्हणून वेगळं काय केलं, ते खाली वाकून बघा. ट्रॅक्शन मोटर आणि चाक यांच्यातलं गिअरचं प्रमाण डब्ल्यूडीएम-२ ला १८:६५ होतं, इथे १८:७४ आहे. म्हणजे वेग थोडा सोडला, कमाल ताशी १०० किलोमीटर, आणि ओढ वाढवली. बोगीतल्या, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या चौकटीतल्या, तिन्ही मोटरी एकाच दिशेला तोंड करून बसवल्या, त्यामुळे जोर लावताना वजन एका धुरीवरून दुसरीवर कमी सरकतं आणि चाक लवकर घसरत नाही. पुस्तकात ही दोन ओळींची माहिती आहे. घाटात ती कशी कामाला येते ते मी एकदा फूटप्लेटवर, म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारी, उभं राहून पाहिलं. पुणे-मिरज लाइनवर, आदर्कीचा घाट, वर झिमझिम पाऊस, मागे भरलेल्या वाघिणींचा रेक. चाक घसरलं की इंजिनाचा आवाज क्षणात बदलतो, ड्रायव्हर नॉच (इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा टप्पा) खाली घेतो, चाकापुढे वाळू सुटते आणि गाडी पुन्हा पकड घेते. त्या दिवसापर्यंत सँडबॉक्समध्ये वाळू भरणं मला हलकं काम वाटायचं. ओली वाळू नळीत गोळा होऊन बसते आणि नेमकी हवी तेव्हा पडत नाही. तुम्हाला पहिल्या महिन्यात हेच काम देतील. वाळू कोरडी आहे का ते मुठीत घेऊन बघा, मगच भरा.

आता बारिंगबद्दल. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

इंजिन काही तास बंद राहिलं की थेट क्रँक करायचं नसतं. सोळाही सिलिंडरचे डीकॉम्प्रेशन प्लग उघडायचे आणि बार लावून क्रँकशाफ्ट हातानं फिरवायचा. सिलिंडरमध्ये पाणी किंवा तेल उतरलं असेल तर ते प्लगमधून बाहेर येतं. पहिल्या पावसाळ्यातली रात्रपाळी होती. मी बार फिरवत होतो, मिस्त्री बॅटरी घेऊन एकेका प्लगसमोर बघत होते. प्रत्येक ठिकाणी फुस्स करून हवा येत होती. उजव्या बाजूच्या पाचव्याला हवेबरोबर दोन थेंब आले. वरून पाऊस गळत होता, त्याचेच असतील असं समजून मी ते पुसायला गेलो. मिस्त्रींनी माझा हात धरला.

"पुसू नकोस. दोन फेरे अजून मार."

मारले. बाकी पंधरा कोरडे. पाचव्याला पुन्हा थेंब, या वेळी चार.

"पाऊस काय एकाच भोकात पडतोय व्हय?" एवढंच म्हणाले आणि लॉगबुकात नोंद केली.

सकाळी त्या सिलिंडरचं हेड (वरचं झाकण) उतरवलं तेव्हा त्यात केसाएवढी चीर सापडली. कूलिंगचं पाणी तिथून आत झिरपत होतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. ते इंजिन तसंच क्रँक केलं असतं तर पिस्टन पाण्यावर आदळून कनेक्टिंग रॉड वाकला असता, कदाचित ब्लॉकही गेला असता. दोन थेंब मी पुसून टाकणार होतो, ही गोष्ट मी आजही प्रत्येक नव्या मुलाला सांगतो. बारिंगला दोन माणसं लागतात, त्यातलं एक फक्त बघायला. घाई आहे म्हणून एकट्यानं कधी करू नका.

टर्बोची, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या पंख्याची, परीक्षा कानानं होते. आल्कोचा टर्बो फक्त एक्झॉस्टच्या वायूवर फिरतो. नॉच उघडल्यावर डिझेल लगेच वाढतं, टर्बो मात्र वेग घ्यायला वेळ घेतो, हवा कमी पडते आणि काळ्या धुराचा लोट उठतो. डब्ल्यूडीजी-४ या नंतरच्या मालगाडी इंजिनात ईएमडी या दुसऱ्या अमेरिकन कंपनीचं इंजिन असतं, त्याचा टर्बो कमी वेगात गिअरवर फिरतो, म्हणून तिथे हा प्रकार कमी दिसतो. आल्को बंद केलं की घड्याळ लावून टर्बोजवळ उभं राहायचं. शिट्टीसारखा आवाज हळूहळू उतरत जातो. सुस्थितीतला टर्बो थांबायला दीड ते तीन मिनिटं घेतो. लवकर थांबला तर आत बेअरिंग धरतंय किंवा काही घासतंय. शेडच्या गोंगाटात हा आवाज वेगळा काढायला मला सहा-सात महिने लागले.

लॅबमध्येही जाऊन बसा, कोणी हाकलत नाही. ल्यूब ऑइलचा नमुना स्पेक्ट्रोवर (तेलातले धातू मोजणाऱ्या यंत्रावर) लावतात आणि धातूंचे आकडे येतात. तांबं वाढलं तर बुश किंवा बेअरिंग झिजतंय, क्रोमियम आणि लोखंड वाढलं तर पिस्टनच्या रिंग आणि सिलिंडरच्या लायनरकडे बघा, सिलिकॉन वाढलं तर एअर फिल्टरमधून धूळ आत जातेय. उन्हाळ्यात सिलिकॉनवर विशेष लक्ष ठेवा. एकदा आलेल्या आकड्यापेक्षा तो आकडा महिनाभर कसा चढत गेला हे जास्त बोलतं.

शेड्यूल, म्हणजे ठरलेल्या तपासण्या, दोन, चार, आठ, बारा, चोवीस महिन्यांची असतात, ती आपोआप पाठ होतात. इंजिनाचं ठरवलेलं आयुष्य ३६ वर्षं, मधे साधारण अठराव्या वर्षी पतियाळाच्या रेल्वे कारखान्यात पूर्ण उघडून नव्यानं बांधणी व्हायची. १९९५ च्या पहिल्या इंजिनांचीसुद्धा ३६ वर्षं अजून भरलेली नाहीत आणि तोवरच तारा आल्या. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण मार्च २०२२ मध्ये पूर्ण झालं, देशातलं ब्रॉडगेज जाळं आता ९८ टक्क्यांच्या पुढे विजेवर आहे. सिंगल लाइनवर जोडीनं माल ओढणारी इंजिनं यार्डात शंटिंगला आलेली पाहून मला वाईट वाटतं, ते लपवत नाही.

तर, शिकून काय करायचं? वाराणसीत याच डब्ल्यूडीजी-३ए ची जोडी विजेवर बदलून १० हजार अश्वशक्तीचं इंजिन तयार केलं आणि १९ फेब्रुवारी २०१९ ला त्याला हिरवा झेंडा दाखवला. डिझेल इंजिन काढलं तरी खाली बोगी, मोटरी, ब्रेक आणि कॉम्प्रेसर राहतातच, आणि इलेक्ट्रिक शेडमध्येही दिवसभराचं बरंचसं काम याच भागांवर चालतं. सस्पेन्शन बेअरिंगला हात लावून तापमान ओळखणारा माणूस दोन्हीकडे लागतो. शुद्ध डिझेलच करायचं असेल तर बिहारमध्ये मढौऱ्याच्या कारखान्यात बनलेली ४,५०० आणि ६,००० अश्वशक्तीची मालगाडी इंजिनं आहेत, त्यांची देखभाल रोझा आणि गांधीधामला होते. २०२५ मध्ये त्याच कारखान्यातून गिनी देशासाठीही इंजिनं रवाना झाली.

वाट साधी आहे. डिझेल मेकॅनिक, फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा आयटीआय, मग रेल्वेत अप्रेंटिसशिप. लेव्हल-१ च्या (सगळ्यात खालच्या पगारश्रेणीच्या) भरतीत अशा मुलांना २० टक्के जागा राखीव असतात. टेक्निशियन ग्रेड-३ ची परीक्षा आरआरबी (रेल्वे भरती मंडळ) घेते, मूळ पगार १९,९०० पासून. डिप्लोमा असेल तर ज्युनिअर इंजिनिअर, ३५,४०० पासून. अप्रेंटिसशिप झाली म्हणजे नोकरी लागलीच असं धरून बसू नका, त्या वर्षातच परीक्षेचा अभ्यास सुरू ठेवा. रात्रपाळी करून अभ्यास जड जातो, तरी करा.

येताना एक जाड वही आणा, शंभर पानी पुरत नाही. दर इंजिनाला चार पानं सोडा. वर नंबर, खाली तारीख, आणि त्या दिवशी काय ऐकलं, कुठे तेल दिसलं, टर्बो किती सेकंदांत थांबला, एवढंच लिहायचं. दोन महिन्यांनी तेच इंजिन शेड्यूलला परत येईल, तेव्हा पिटमध्ये (इंजिनाखालच्या खड्ड्यात) उतरण्याआधी ते पान उघडा.