डोंगरातल्या गाडीचा टायर अकाली का तडकतो, आणि तो वाचवायचा कसा

नक्षी निम्मीही झिजलेली नाही आणि टायरच्या बाजूला भेगा पडल्या, ही तक्रार गोव्यात जुनी जीप, थार, गुरखा, जिम्नी किंवा बोलेरो पिकअप बाळगणाऱ्यांकडून नेहमी ऐकू येते. सत्तरी, सांगे, धारबांदोडा या भागांत टायर गोटा झाला म्हणून बदलणारे मला कमी दिसतात. तडकला म्हणून बदलणारेच जास्त. त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले: पॉलिश मार, नाहीतर कंपनी बदल. पैसे जातात आणि दोन वर्षांनी नव्या टायरवरही त्याच भेगा दिसतात. दिसणारच, कारण गाडी जशी उभी असायची तशीच उभी असते आणि जेवढ्या हवेवर पळायची तेवढ्याच हवेवर पळते.

डोंगरातली गाडी चालून टायर खाते त्याहून जास्त उभी राहून खाते. कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीपगाड्यांचा हंगाम पावसाळ्यात बंद असतो. बागायतदाराची जीप काजू आटोपले की कुळागराच्या कडेला जी लागते ती चवथीपर्यंत हलत नाही. हौशी माणसाची थार रविवारपुरती. त्यामुळे खाली दिलेल्या कामांत टायर बदलणे सगळ्यात शेवटी येते.

१. धुवा, पण घासून काळाकुट्ट करू नका

साधे पाणी, मऊ ब्रश, फार तर गाडीचा पातळ केलेला शॅम्पू. खाणपट्ट्यातली किंवा सड्यावरची तांबडी धूळ तेवढ्याने निघते. ती निघाल्यावरही टायरवर तपकिरी झाक राहिली तर राहू द्या. रबर तयार करतानाच त्यात मेण आणि ओझोनपासून वाचवणारे रसायन घातलेले असते. टायर फिरताना, वाकताना ते हळूहळू पृष्ठभागावर येते आणि हवा लागून तपकिरी दिसते. तारेच्या ब्रशने आणि कपड्यांच्या पावडरने ती झाक काढणारा माणूस टायरचे औषधच खरवडून टाकत असतो. वर पुन्हा चकचकीत पॉलिश फासतो. पेट्रोलियम द्रावकात केलेले पॉलिश उरलेसुरले मेणही विरघळवते. पाण्यात केलेले सिलिकॉनचे पॉलिश एवढे नुकसान करत नाही, पण त्याने भेग भरत नाही, नुसती दिसेनाशी होते. आपल्याला तर ती दिसायला हवी आहे.

२. तारीख पाहा

टायरच्या बाजूवर ‘डॉट’ (DOT) या इंग्रजी अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. २३२२ म्हणजे २०२२ सालचा २३वा आठवडा, जूनची सुरुवात. हे अंक बहुधा एकाच बाजूला असतात. बाहेर दिसले नाहीत तर टॉर्च घेऊन गाडीखालून पाहा. पाच वर्षे वापरल्यानंतर दरवर्षी टायर जाणत्याकडून तपासून घ्या आणि उत्पादनापासून दहा वर्षे झाली की नक्षी कितीही शिल्लक असली तरी काढा, असे मोठ्या टायर कंपन्या सांगतात. उघड्यावर राहणाऱ्या गाडीसाठी मी दहापर्यंत थांबत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच भेगा असतील तर मात्र कारण शोधायलाच हवे.

३. भेग वाचा

सगळ्यांचा घोटाळा होतो तो इथे, आणि मलाही हेच काम उमगायला सर्वांत जास्त वेळ लागला. दुकानात भेग दाखवली की समोरचा बोटही न लावता ‘चारही बदला’ म्हणतो, आणि ओळखीतला कुणीतरी ‘काही होत नाही, चालव’ म्हणतो. दोघांनीही टायर पाहिलेला नसतो. भेगा किती आहेत हे मोजत बसू नका. त्या कुठे आहेत आणि कोणत्या दिशेने गेल्या आहेत, हे आधी बघा.

गाडी सपाट जागी लावा. जमिनीलगत बाजू जिथे फुगलेली असते तिथे भेगा ताणून उघडतात. वर असताना मिटलेली भेग तिथे आली की स्पष्ट दिसते. म्हणून खडूने खूण करून गाडी थोडी थोडी पुढे घ्या आणि टायरचा प्रत्येक भाग खाली आणून पाहा. एका जागी उभे राहून चारही चाकांभोवती चक्कर मारणे म्हणजे तपासणी नव्हे. मग गाडीखाली जाऊन आतली बाजूही तशीच पाहा. गाडी जॅकवर घेऊन खाली शिरू नका. जीपसारख्या उंच गाडीला त्याची गरजही नाही.

आतली बाजू पाहणारे फार थोडे, आणि निम्मे उत्तर तिथेच असते. आतल्या बाजूला ऊन लागत नाही. बाहेर भेगा आणि आत रबर स्वच्छ असेल, तर ऊन हे मुख्य कारण. अंगणात गाडी रोज एकाच तोंडाने लावत असाल तर पश्चिमेकडची दोन चाके जास्त तडकलेली दिसतील. आत-बाहेर सारख्याच भेगा असतील, तर कमी हवा, जास्त ओझे किंवा वय. चारांपैकी एकच चाक तडकले असेल तर त्याच चाकाची हवा हळूहळू जात असणार; रिम आणि व्हॉल्व्ह तपासा. मागच्या दाराला लटकलेली स्टेपनीही पाहा. ती ओझे वाहत नाही, रस्त्यावर धावत नाही. तरीही तडकली असेल तर ऊन किंवा वय, दुसरे काही असणे कठीण.

आता दिशा. बाहेरच्या बाजूला केसाएवढ्या बारीक, उथळ भेगांची जाळी असेल तर ते ऊन आणि ओझोनचे काम. हवेतला ओझोन रबराच्या रेणूंच्या साखळ्या तोडतो, आणि तेही रबर ताणलेले असेल तिथेच. महिनोन् महिने एकाच जागी उभ्या गाडीचा तळाचा फुगवटा कायम ताणलेला राहतो, म्हणून जाळी आधी तिथे दिसते. ठिणग्या पाडणाऱ्या विजेच्या मोटारी आणि वेल्डिंग यांतूनही ओझोन तयार होतो. गाडी पंपाच्या खोलीशेजारी किंवा वेल्डिंगच्या शेडमध्ये लावत असाल तर जागा बदला.

रिमला समांतर, गोलाकार जाणारी भेग वेगळी. ती नक्षीच्या खांद्याखाली किंवा रिमच्या वर एका ओळीत धावते आणि बऱ्याचदा दोन्ही बाजूंना असते. हवा कमी असताना बाजू प्रत्येक फेऱ्यात प्रमाणाबाहेर दुमडते, आत उष्णता साठते आणि रबर त्याच ओळीवर थकते. या भेगेला मी सगळ्यात जास्त घाबरतो, कारण बाहेर दिसते त्याहून आतले नुकसान मोठे असू शकते. लांबचा प्रवास, घाट, भरलेली गाडी, सगळे बंद ठेवून आधी टायर रिमवरून उतरवून आतून पाहून घ्या. आत रबराचा काळा भुगा सापडला किंवा बाजूला आतून गोल पट्टा घासलेला दिसला, तर तो टायर संपला.

नक्षीच्या खोबणीत, ठोकळ्यांच्या मुळाशी भेगा असतील तर आधी अडकलेली जांभ्याची खडी उपसून काढा, मग खोली बघा. भेग आतल्या पोलादी पट्ट्यापर्यंत गेली की पाणी शिरते आणि तार गंजते. ओढे ओलांडणाऱ्या गाडीत हे लवकर होते.

एकच सरळ, धारदार भेग आणि तिच्या कडेला रबराची साल निघालेली, ही दगडाची जखम आहे. टायर तडकणे याच्याशी तिचा संबंध नाही. जांभ्याची ताजी फुटलेली कड असे सहज करते. जखमेजवळ फुगवटा असेल तर आतले दोरे तुटलेले आहेत. तो टायर त्याच दिवशी काढायचा.

खाऱ्या हवेचे काय, असे किनाऱ्याकडचे लोक विचारतात. मीठ रबराचे फारसे बिघडवत नाही. ते रिम गंजवते, टायरची कड नीट चिकटत नाही, हवा झिरपते आणि मग वर सांगितलेल्या गोलाकार भेगा पडतात. म्हणजे औषध रिमला हवे: गंज घासून काढा, रंग द्या, टायर पुन्हा बसवा. (समुद्रकिनाऱ्यावर वाळूत गाडी घालायला गोव्यात बंदी आहे. तेवढा खारटपणा तरी वाचवा.)

खोलीसाठी यंत्र लागत नाही. भेगेवर नख आडवे फिरवा. नख सरकून जात असेल तर भेग वरवरची. लक्ष ठेवा, महिन्याने त्याच जागेचा फोटो काढून ताडून पाहा. नख अडकत असेल तर जाड कागदाची कड घाला. कागद दोन-एक मिलिमीटर आत गेला, तर जाणत्याला दाखवल्याशिवाय वेगात चालवू नका. आत दोरा किंवा तार दिसली तर दाखवायचेही कारण नाही, काढून टाका.

भेगेत पंक्चरचे सोल्यूशन, सिलिकॉन किंवा आणखी काही भरून देणारे भेटतील. त्याने ताकद येत नाही, फक्त पुढच्या तपासणीत भेग सापडत नाही. ‘तडकलेले दोन मागे टाक, पुढे नवे घाल’ हा सल्ला तर मला ऐकवतही नाही. भरलेल्या पिकअपचे ओझे मागच्याच चाकांवर असते आणि मागचा टायर फुटला की चोर्ला घाटाच्या वळणावर गाडी सावरणे जास्त अवघड. तसला टायर स्टेपनी म्हणूनही ठेवू नका.

४. हवा

महिन्यातून एकदा, सकाळी गाडी हलवण्याआधी, स्वतःच्या मीटरने. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा धरा. टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. ट्यूबलेस टायरची हवाही महिन्याला साधारण १ पीएसआय (हवेचा दाब मोजायचे एकक) आपोआप उतरते.

दोन गोष्टी मात्र सांगूनही लोक ऐकत नाहीत. चिखलात किंवा ओढ्याच्या गोट्यांवर पकड यावी म्हणून हवा १८-२० पीएसआयवर आणली, ठीक. पण डांबरी रस्त्याला लागण्याआधी ती परत भरायची, ‘पुढच्या पंपावर बघू’ नाही. बॅटरीवर चालणारा छोटा कंप्रेसर गाडीत ठेवा. दुसरे, जाडजूड ऑफरोड टायर घातले की स्टिकरचा आकडा तसाच लागू होत नाही. मापाच्या आधी ‘एलटी’ (LT) लिहिलेल्या टायरला तेवढेच ओझे पेलायला साध्या टायरपेक्षा जास्त हवा लागते. किती ओझ्याला किती हवा, हे सांगणाऱ्या कंपनीच्या तक्त्यातून आकडा काढून घ्या. हे न केल्यामुळे महागडे टायर दुसऱ्याच वर्षी गोलाकार तडकलेले मी पुष्कळ पाहिले आहेत.

५. मिरगाआधी गाडी लावताना

गंज लागू नये म्हणून पावसाआधी गाडीच्या पोटाला जुने ऑइल किंवा डिझेल मारून घेणारे बरेच आहेत. त्याचे शिंतोडे आतल्या बाजूच्या रबरावर बसतात आणि तेलाने रबर फुगून मऊ पडते. मारायचेच असेल तर चाकांवर गोणपाट बांधायला लावा, आणि उडालेले तेल साबणाने लगेच धुवा. टायरला खोबरेल चोळू नका, तेही तेलच.

जागा छपराखालची, कोरडी. पाणी साचते किंवा गोठ्याचे सांडपाणी वाहते तिथे नको. चाकाखाली फळ्या टाका. हवा नेहमीपेक्षा ३-४ पीएसआय जास्त भरा, पण टायरवरच्या कमाल आकड्याच्या आत. मग दर पंधरवड्याला गाडी सुरू करून अंगणात दोन फेऱ्या मारा आणि थांबताना चाकाचा वेगळा भाग खाली येईल असे बघा. गाव सोडून जाणार असाल तर गाडी स्टँडवर चढवून चाकांवरचे ओझे काढा. चिरे किंवा सिमेंटचे पोकळ ब्लॉक रचून त्यावर गाडी चढवू नका, ते ओझ्याखाली अचानक फुटतात. लोखंडी स्टँडच हवेत.

निळे प्लॅस्टिक टायरभोवती आवळून बांधू नका. ओल आत कोंडते. पाऊस सरल्यावर उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या चाकांवर जुने गोणपाट किंवा झावळ पुरते. स्टेपनीला कापडी आवरण घाला.

६. बदलायचाच झाला तर

दुकानात बसवण्याआधी तारखेचे चार अंक वाचा. वर्षाहून जुना माल घेऊ नका. ‘गोडाऊनमध्येच होता, नवाच आहे’ असे ऐकवले तर दुसरे दुकान गाठा. कड बसवताना साबणाचे पाणी किंवा पेस्ट लावायला सांगा. कोरडी कड पान्याने रेटली की रिमजवळ पहिली भेग तिथेच पडते. पक्के बिल घ्या आणि पहिल्या दिवसापासून हवेची नोंद एका वहीत ठेवा. चारही टायर वर्ष-दोन वर्षांत आत-बाहेर सारखेच तडकले तर दोष मालाचा असू शकतो. मग दुकानदाराकडून कंपनीच्या माणसाची तपासणी मागा. तो आधी हवेबद्दलच विचारणार, तेव्हा ती वही पुढे करता येते.

पाचवे चाक त्याच मापाचे असेल आणि नक्षीला ठरावीक दिशा नसेल, तर दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला पाचही चाकांची आलटापालट करा, म्हणजे स्टेपनीही वापरात राहते.